प्रकाशाची लिपि : सर नॉर्मन लॉकियर यांचें चरित्र

डोळ्यांना जें दिसत नाहीं, हातांना जें लागत नाहीं, आणि जेथें मनुष्य जन्मांत कधीं जाऊन पोंचणार नाहीं, त्याविषयीं खात्रीचें ज्ञान मिळवितां येतें काय? हा प्रश्न फार जुना आहे, आणि आकाशाकडे पाहणाऱ्या मनुष्यास तो विशेषच पडतो. सूर्य सोडला तर आपणांस सर्वांत जवळचा जो तारा, त्याच्याकडून निघालेल्या प्रकाशासहि येथवर येण्यास चार वर्षांहून अधिक काळ लागतो. असें असतां, दूरच्या ताऱ्यांभोंवतीं फिरणारे सहा हजारांहून अधिक ग्रह आजवर ज्योतिषशास्त्रज्ञांनीं नोंदले आहेत. कोणत्या ग्रहाचें वर्ष किती दिवसांचें, कोणाचें वजन किती, कोणाच्या वातावरणांत कोणता वायु आहे, हेंहि ते सांगूं लागले आहेत. त्यांतील बहुतेक ग्रह प्रत्यक्ष दुर्बिणींतूनसुद्धां कोणीं पाहिलेले नाहींत. मग हें ज्ञान आलें कोठून? ताऱ्याच्या प्रकाशांतून. प्रकाशालाहि एक लिपि आहे, आणि ती ज्यास वाचतां येते त्यास प्रकाश आपल्या जन्मस्थानाची सारी हकीकत सांगतो.

ही लिपि वाचण्याची विद्या ज्यांनीं बाल्यावस्थेंतून वर आणिली त्यांपैकीं एक थोर पुरुष आमच्या कोंकण किनाऱ्यावर, विजयदुर्गच्या किल्ल्यांत, येऊन राहिला होता. त्या सर नॉर्मन लॉकियर यांचें चरित्र आम्ही या अंकांत आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या वडील माणसांपुढें ठेवीत आहों.

जोसेफ नॉर्मन लॉकियर यांचा जन्म इंग्लंडांतील रग्बी या गांवीं ता. १७ मे १८३६ रोजीं झाला. त्यांचे वडील वैद्यकीचा व्यवसाय करीत असत; परंतु त्यांस विजेचा व त्या काळीं नव्यानेंच निघालेल्या तारायंत्राचा मोठा नाद होता. मुलाचें शिक्षण खाजगी शाळांतून झालें. पुढें भाषा शिकण्यासाठीं तो कांहीं काळ स्वित्झर्लंड व फ्रान्स या देशांत राहिला. विद्यापीठाची पदवी त्यानें घेतली नाहीं. १८५७ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, लंडनच्या युद्धखात्यांत त्यास कारकुनाची जागा मिळाली. पुढल्या वर्षीं विनिफ्रेड जेम्स या विदुषीशीं त्याचा विवाह झाला. या बाईंनीं फ्रेंच भाषेंतील शास्त्रीय ग्रंथ इंग्रजींत उतरविले, आणि पतीच्या अभ्यासास त्यांचें मोठें साह्य होत असे.

आतां युद्धखात्यांतील कारकुनाचा आणि सूर्याचा संबंध काय? दिवसभर कचेरींत कागद लिहावे, आणि संध्याकाळीं घरीं येऊन दुर्बिणीपाशीं बसावें, असा लॉकियर यांचा क्रम पडला. त्यांनीं सवासहा इंच व्यासाच्या भिंगाची एक उत्तम दुर्बीण मिळविली. १८६२ सालीं मंगळ हा ग्रह पृथ्वीच्या जवळ आला असतां त्यांनीं त्याचीं बारकाईनें चित्रें काढलीं, आणि जाणत्या लोकांचें लक्ष या हौशी कारकुनाकडे प्रथम गेलें. परंतु लवकरच त्यांचें मन ग्रहांच्या चित्रांवरून एका नवीन विद्येकडे वळलें. ती विद्या वर्णपटाची होय.

वर्णपट म्हणजे काय हें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. धाकट्यांसाठीं थोडें सांगतों. कांचेच्या लोलकांतून सूर्यप्रकाश सोडला म्हणजे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा एक पट्टा उमटतो. चांगल्या यंत्रांतून पाहिलें तर या पट्ट्यांत शेंकडों बारीक काळ्या रेघा आढळतात. जर्मनींतील फ्राउनहोफर यांनीं १८१४ च्या सुमारास त्या काळजीपूर्वक मोजल्या व ठळक रेघांस अक्षरांचीं नांवें दिलीं. पण त्या कां पडतात हें कोणास सांगतां येईना. १८५९ सालापासून किर्खोफ व बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनीं तें कोडें सोडविलें. चुलींतल्या विस्तवावर मिठाचे चार खडे टाकून पाहा. ज्वाला एकदम पिंवळी होते. तो पिंवळा रंग मिठांतील सोडियमचा. तापलेला वायु ज्या रंगांच्या रेघा स्वतः प्रकाशित करतो, तोच वायु मागून येणाऱ्या अधिक प्रखर प्रकाशांतून नेमक्या त्याच रेघा गिळून टाकतो, आणि तेथें काळी रेघ दिसते. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या. एकाच्या दुसऱ्यास मिळत नाहींत. म्हणून रेघ ओळखली कीं द्रव्य ओळखलें, मग तें प्रयोगशाळेंतल्या दिव्यांत असो कीं नऊ कोटी मैल दूर असलेल्या सूर्यावर असो.

लॉकियर यांनीं ही विद्या एका नव्या रीतीनें वापरली. त्यांच्यापूर्वीं बहुतेक लोक सर्व सूर्याचा प्रकाश एकत्र घेऊन पाहत. लॉकियर यांनीं १८६६ सालीं सूर्याची मोठी प्रतिमा पाडून तिच्यावरील एकेक लहान भागच यंत्राच्या फटींतून आंत घेतला. सूर्यावरील डाग आणि त्याच्या शेजारचा उजळ भाग यांचे वर्णपट त्यांनीं असे वेगवेगळे पाहिले, आणि डागांच्या ठिकाणीं प्रकाश अधिक गिळला जातो असें दाखविलें. तेव्हांच त्यांच्या मनांत एक धाडसी कल्पना आली.

खग्रास ग्रहणांत चंद्रानें सूर्य पुरता झांकला म्हणजे त्याच्या कडेवर तांबड्या ज्वाला दिसतात. एरवीं सूर्याच्या झगझगाटापुढें त्या मुळींच दिसत नाहींत. लॉकियर यांनीं विचार केला कीं, या ज्वाला जर तापलेल्या वायूच्या असतील तर त्यांचा प्रकाश थोड्याशा रेघांतच सांठविलेला असेल. मग ग्रहणाची वाट पाहण्याचें कारण काय? ओंजळभर तांदुळांच्या ढिगांत एक गुंज दडली तर ती दिसत नाहीं. तेच तांदूळ अंगणभर पसरा. तांदुळांचा थर विरळ होतो, पण गुंज आहे तेवढीच राहते व चटकन् नजरेस पडते. त्याचप्रमाणें पुष्कळ लोलकांतून सूर्यप्रकाश लांबच लांब पसरला तर झगझगाट फिका पडेल, आणि ज्वालांच्या रेघा तशाच ठळक उरतील. युक्ति बिनचूक होती; पण तिला लागणारें प्रभावी यंत्र हाताशीं नव्हतें. तें करावयास टाकलें. तथापि कारागिरांकडून तें हातीं येण्यास फार विलंब लागला.

इतक्यांत ता. १८ ऑगस्ट १८६८ चें खग्रास सूर्यग्रहण आलें. चंद्राची छाया आमच्या कोंकण किनाऱ्यावरून विजापूर, गुंटूर व मच्छलीपट्टण अशी पूर्वेकडे गेली. तें पाहण्यास दूरदूरचे ज्योतिषी हिंदुस्थानांत आले होते. त्यांत फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन हे गुंटूर येथें होते. ग्रहणकाळीं ज्वालांच्या वर्णपटांत त्यांस अशा तेजस्वी रेघा दिसल्या कीं, या ग्रहणावांचूनहि दिसतील अशी त्यांची खात्री झाली. आणि दुसऱ्याच दिवशीं सकाळीं त्यांनीं त्या पाहिल्याहि. त्या ग्रहणांत ज्वालांमध्यें एक पिंवळी रेघ दिसली होती. ती पुष्कळांनीं सोडियमचीच समजली.

लॉकियर त्या वेळीं इंग्लंडांतच यंत्राची वाट पाहत होते. ऑक्टोबरच्या मध्यास तें त्यांच्या हातीं आलें, आणि ता. २० ऑक्टोबर १८६८ रोजीं, लंडनजवळ, ग्रहण नसतां, उघड्या सूर्याच्या कडेवर त्यांनीं ज्वालांच्या चकचकीत रेघा पाहिल्या. दोन वर्षें मनांत बाळगलेली कल्पना खरी ठरली. त्यांनीं आपलें वृत्त पॅरिसच्या विज्ञानसभेकडे धाडलें. जान्सेन यांचें हिंदुस्थानांतून निघालेलें पत्रहि त्याच सुमारास तेथें पोंचलें, आणि ता. २६ ऑक्टोबर रोजीं एकाच बैठकींत दोन्ही वृत्तें सभेपुढें आलीं. शोध पहिला कोणाचा यावरून दोन राष्ट्रांत कलह व्हावयाचा. पण तसें झालें नाहीं. दोघांनीं स्वतंत्रपणें तोच शोध लाविला हें सर्वांनीं मान्य केलें, आणि फ्रेंच सरकारनें १८७२ सालीं दोघांचे मुखवटे शेजारीं शेजारीं असलेलें एक पदक पाडलें.

यानंतर लॉकियर सूर्याची कड दररोज तपासूं लागले. सूर्याभोंवतीं या तापलेल्या वायूंचें एक अखंड आवरण आहे असें त्यांस आढळलें व त्यास त्यांनीं जें नांव दिलें त्यास मराठींत वर्णावरण म्हणतात. त्या पिंवळ्या रेघेचें स्थान त्यांनीं बारकाईनें मोजलें. ती सोडियमच्या जोडरेघेच्या अगदीं शेजारीं होती, परंतु तिच्यावर नव्हती. फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाच्या साह्यानें त्यांनीं प्रयोगशाळेंत शोध केला. पण पृथ्वीवरील कोणत्याहि ज्ञात द्रव्याची ती रेघ निघेना. तेव्हां हें एक नवेंच मूलद्रव्य असलें पाहिजे असा निष्कर्ष त्यांनीं काढला. सूर्यास ग्रीक भाषेंत हेलिऑस म्हणतात. त्यावरून या द्रव्याचें नांव हेलियम पडलें. जें द्रव्य कोणीं पाहिलें नाहीं, तोललें नाहीं, तें केवळ एका रेघेवरून आहे म्हणणें, ही गोष्ट पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांस रुचली नाहीं. सत्तावीस वर्षें हेलियम सूर्यावरच राहिला. शेवटीं १८९५ सालीं विल्यम रॅम्से यांस क्लीव्हाइट नांवाच्या खनिजांतून निघालेल्या वायूंत नेमकी तीच पिंवळी रेघ आढळली. थोड्याच दिवसांत लॉकियर यांनींहि खनिज तापवून तो वायु मिळविला. ऐन तारुण्यांत सूर्यावर ओळखलेली वस्तु साठीच्या उंबरठ्यावर त्यांस आपल्याच प्रयोगशाळेंत पाहावयास मिळाली.

या काळांतील आणखी एक निरीक्षण आम्ही येथें मुद्दाम नोंदतों, कारण पुढें त्याचें काम पडणार आहे. सूर्यावरील वायूंच्या रेघा कधीं कधीं आपल्या नेहमींच्या जागेवरून किंचित् सरकलेल्या लॉकियर यांस दिसत. समुद्रांत लाटांवर चाल करून जाणाऱ्या होडीस लाटांचे धक्के भराभर बसतात. तीच होडी लाटांबरोबर चालली तर धक्के सावकाश बसतात. प्रकाशाच्या लहरींचेंहि असेंच आहे. प्रकाश देणारी वस्तु आपणांकडे येत असेल तर रेघ जांभळ्याकडे सरकते, दूर जात असेल तर तांबड्याकडे. या सरकण्यावरून लॉकियर यांनीं सूर्यावरील वादळांचा वेग काढला. रेघ द्रव्याचें नांव सांगतेच, शिवाय त्याची चालहि सांगते, हें त्यांनीं पक्कें ध्यानांत घेतलें होतें.

ता. ४ नोव्हेंबर १८६९ रोजीं लॉकियर यांनीं ‘नेचर’ नांवाचें शास्त्रीय साप्ताहिक सुरू केलें. शास्त्रज्ञांचे नवे शोध आठवड्याच्या आठवड्यास सर्वांस कळावे आणि सामान्य सुशिक्षितांसहि शास्त्राची गोडी लागावी, हा त्याचा हेतु होता. प्रथम अनेक वर्षें तें तोट्यांत चाललें. परंतु प्रकाशक मॅकमिलन यांनीं धीर सोडला नाहीं व लॉकियर यांनीं लेखणी ठेविली नाहीं. पुरीं पन्नास वर्षें, १८१९ नव्हे तर थेट १९१९ सालापर्यंत, ते त्याचे संपादक होते. आज तें जगांतील अग्रगण्य शास्त्रीय नियतकालिकांपैकीं एक गणलें जातें.

मान व अधिकार आपोआप चालत आले. १८६९ सालीं ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. १८७५ सालीं युद्धखात्यांतून त्यांची बदली विज्ञान व कला यांच्या खात्यांत झाली. साउथ केन्सिंग्टन येथें सूर्याच्या अभ्यासासाठीं वेधशाळा निघाली, तिचे ते मुख्य झाले. तेथेंच त्यांनीं ज्योतिषाचें अध्यापनहि केलें. १८९७ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली.

खग्रास ग्रहणाचा मात्र त्यांस ध्यासच होता. १८७० ते १९०५ या काळांत आठ ग्रहणांसाठीं त्यांनीं सफरी केल्या. खग्रास अवस्था टिकते दोनचार मिनिटें. तेवढ्यासाठीं महिनेमहिने तयारी करून, यंत्रें पेट्यांत भरून, हजारों मैल जावें, आणि ऐन वेळीं एक ढग आडवा यावा! १८७० सालीं सिसिलीस जातांना त्यांचें जहाज खडकावर आदळलें. माणसें वांचलीं, पण ग्रहणाच्या दिवशीं आकाशानें दगा दिला. पुढल्याच वर्षीं, १२ डिसेंबर १८७१ रोजीं, ते प्रथम हिंदुस्थानांत आले व मलबार किनाऱ्यावरील बेकलच्या किल्ल्यांतून त्यांनीं ग्रहण पाहिलें. १८९६ सालीं ते नॉर्वेच्या उत्तर टोंकास गेले, तर तेथेंहि ढग. तरी दोनच वर्षांनीं साठी उलटलेला हा पुरुष पुनः निघाला, आणि या वेळीं त्यानें निवडलेलें ठिकाण आमचा विजयदुर्ग होता.

ता. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाची छाया आमच्या किनाऱ्यावर चढून घांट ओलांडून ईशान्येकडे गेली. त्या दिवशीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला हे आपलीं यंत्रें लावून बसले होते. लॉकियर यांनीं मात्र समुद्रकांठ पसंत केला. वाघोटन खाडीच्या मुखाशीं, तिन्ही बाजूंनीं पाण्यानें वेढलेल्या त्या जुन्या किल्ल्यांत त्यांची छावणी पडली. कलकत्त्याहून प्रोफेसर पेडलर आले. ‘मेल्पोमिनी’ या आरमारी जहाजाचे कप्तान चिझम-बॅटन व त्यांचे खलाशी मदतीस होते. या खलाशांस लॉकियर यांनीं शाळेंतल्या मुलांप्रमाणें धडे दिले. कोणीं सेकंद मोजावे, कोणीं कॅमेऱ्याच्या कांचा बदलाव्या, कोणीं सूर्याभोंवतींच्या प्रभामंडळाचें चित्र काढावें, हें ठरवून त्यांच्याकडून वारंवार तालीम करवून घेतली. माघार घेण्यास दुसरा दिवस नव्हता. दोन मिनिटें चुकलीं म्हणजे सारी सफर चुकली.

आमच्या किनाऱ्यावरील जानेवारीचें आकाश निरभ्र असतें, आणि त्या दुपारीं तें निरभ्रच राहिलें. लॉकियर यांनीं लोलक लावलेल्या कॅमेऱ्यांनीं सूर्याच्या कडेचे वर्णपट टिपले. सूर्य झांकला जातांना व पुनः प्रकट होतांना क्षणभर काळ्या रेघांच्या जागीं उजळ रेघा चमकून जातात; त्या क्षणाचेंहि छायाचित्रण झालें. विजयदुर्गचीं हीं निरीक्षणें लॉकियर, चिझम-बॅटन व पेडलर यांच्या नांवांनीं रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेंत छापलीं गेलीं. अशा रीतीनें आमच्या देवगड तालुक्यांतील एका किल्ल्याचें नांव सूर्यशास्त्राच्या इतिहासांत कायमचें नोंदलें गेलें.

येथें एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख करणें आम्हांस अवश्य वाटतें. किल्ल्यावर साहेबाचे कट्टे म्हणून कांहीं चौथरे दाखवितात, आणि लॉकियर यांनीं १८ ऑगस्ट १८६८ रोजीं येथूनच ग्रहण पाहून हेलियमचा शोध लाविला असें सांगितलें जातें. त्या तारखेस किल्ल्यावर हेलियमचा दिवसहि साजरा होतो. आपल्या भागांतील लोक एका मूलद्रव्याचा वाढदिवस पाळतात ही गोष्ट कौतुकाचीच आहे. परंतु १८६८ सालीं लॉकियर हिंदुस्थानांत नव्हते. नव्या द्रव्याचा निष्कर्ष लंडनजवळच्या निरीक्षणांतून व प्रयोगशाळेंतील कामांतून निघाला. ते विजयदुर्गास आले तें तीस वर्षांनीं, १८९८ सालीं. दोन ग्रहणांची गल्लत होऊन ही दंतकथा बनली. खरी हकीकत सांगितल्यानें विजयदुर्गाचा मान रतिभरहि कमी होत नाहीं. ज्या पुरुषानें सोडियमची रेघ आणि तिच्या शेजारची रेघ यांतील केसाएवढा फरकसुद्धां सोडला नाहीं, त्याच्या चरित्रांत तीस वर्षांचा फरक सोडून देणें त्यास शोभणारें नाहीं, व आपणांसहि नाहीं.

लॉकियर यांचे सर्वच तर्क खरे ठरले असें कोणीं समजूं नये. सारे तारे उल्कांच्या थव्यांपासून बनतात ही त्यांची कल्पना पुढें टिकली नाहीं. अतिशय उष्णतेनें मूलद्रव्यें फुटतात असें ते म्हणत, त्यावरहि कडाडून टीका झाली. तथापि प्रचंड उष्णतेंत अणूंचे विद्युत्कण सुटून रेघा बदलतात हें पुढें सिद्ध झालें, तेव्हां त्या मतांतील सत्याचा अंश लोकांस उमगला. स्वभावानें ते वादाला भिणारे नव्हते व त्यामुळें त्यांनीं विरोधकहि पुष्कळ जोडले. पण पाहिलेलें आणि तर्कानें काढलेलें यांची सरमिसळ त्यांनीं सहसा होऊं दिली नाहीं. म्हणून त्यांचे कांहीं तर्क गेले तरी निरीक्षणें राहिलीं. म्हातारपणीं ते डेव्हन परगण्यांत सिडमथजवळ जाऊन राहिले व १९१२ सालीं तेथील टेंकडीवर त्यांनीं नवी वेधशाळा उभारली. तिला आज त्यांचेंच नांव आहे. ता. १६ ऑगस्ट १९२० रोजीं, वयाच्या चौऱ्यायशींव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. दुसऱ्या ताऱ्यांस ग्रह असतील असा विचार पुष्कळांनीं केला होता. पूर्वीं पुण्यास असलेले व पुढें मद्रास वेधशाळेचे मुख्य झालेले कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब यांनीं १८५५ सालीं भुजंगधारी तारकापुंजांतील एका जोडताऱ्याच्या गतींत थोडा अनियमितपणा पाहिला, व तेथें ग्रहासारखा अदृश्य पिंड असावा असें प्रसिद्ध केलें. परंतु अधिक सूक्ष्म मापांपुढें तें अनुमान टिकलें नाहीं. जेकब १८६२ सालीं पुण्यास वारले. त्यांचा प्रश्न योग्य होता. उत्तर काढण्याचें साधन अद्याप हातीं आलें नव्हतें.

तें साधन म्हणजे लॉकियर यांनीं सूर्यावर पाहिलेलें रेघांचें सरकणें. एखादी थोर बाई लहान मुलीशीं फुगडी घालूं लागली तर मुलगी मोठ्या घेरांत फिरते, पण बाईलाहि थोडें मागेंपुढें झुलावेंच लागतें. दुरून मुलगी दिसली नाहीं तरी बाईच्या झुलण्यावरून तिचे हात कोणीतरी धरले आहेत हें कळतें. ग्रहहि आपल्या ताऱ्यास असाच झुलवितो. तारा आपणांकडे झुलला कीं त्याच्या रेघा जांभळ्याकडे सरकतात, दूर झुलला कीं तांबड्याकडे. जिनीव्हाचे मिशेल मायोर व दिदिए केलोझ यांनीं फ्रान्समधील एका वेधशाळेंतून १९९५ सालीं महाश्व तारकापुंजांतील सूर्यासारख्याच एका ताऱ्याच्या रेघा अशा हेलकावे खातांना पाहिल्या. ताऱ्याचा हेलकावा सेकंदास अवघा पंचावन्न मीटरच्या आसपास होता. तो दर सव्वाचार दिवसांनीं पुनः पुनः येत होता, म्हणून ग्रहाचें वर्ष सव्वाचार दिवसांचें. आणि हेलकाव्याच्या मापावरून ग्रहाचें वजन निदान गुरूच्या निम्म्याएवढें निघालें. सूर्यासारख्या ताऱ्याभोंवतीं निश्चितपणें सांपडलेला हा पहिला ग्रह. या शोधाचा निबंध प्रसिद्ध झाला तो लॉकियर यांच्याच ‘नेचर’ मध्यें, आणि २०१९ सालीं या दोघांस नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला.

रेघांचा दुसरा गुण, म्हणजे द्रव्याचें नांव सांगणें, तोहि ग्रहांच्या कामीं आला. कांहीं ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातात, तेव्हां ताऱ्याचा प्रकाश शंभरांत एखाददुसऱ्या अंशानें मंद होतो. हेंहि एक प्रकारचें ग्रहणच. त्या वेळीं थोडासा प्रकाश ग्रहाच्या कडेवरील वातावरणांतून गाळून येतो, आणि तेथील वायु आपापल्या रेघा त्यांतून गिळून घेतात. २००१ सालीं हबल या अवकाशांतील दुर्बिणीच्या साह्यानें अशा एका ग्रहाच्या वातावरणांत सोडियम असल्याचें जाहीर झालें. तो ओळखला गेला त्याच्या पिंवळ्या जोडरेघेवरून; चुलींतल्या मिठाची जी, तीच ती. मग तिच्या शेजारणीचें काय? २०१८ सालीं कन्या राशींतील सुमारें दोनशें प्रकाशवर्षें दूर असलेल्या एका ताऱ्याच्या ग्रहावर जेसिका स्पेक व त्यांचे सहकारी यांस हेलियम सांपडला. त्यांनीं पाहिलेली रेघ पिंवळ्या प्रकाशांतील नसून तांबड्यापलीकडील, डोळ्यांस न दिसणाऱ्या प्रकाशांतील होती. पण द्रव्य तेंच. हलक्या, फुगलेल्या त्या ग्रहावरून हेलियम अवकाशांत निसटून जात आहे असें त्यांस दिसलें. सूर्यावर ती रेघ ओळखल्यास त्या वर्षीं दीडशें वर्षें पुरीं झालीं होतीं, आणि हा निबंधहि ‘नेचर’ मध्यें छापला गेला.

आपला देशहि या कामांत मागें नाहीं. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनीं अबूच्या पहाडावरील दुर्बिणीस रेघांचें सरकणें मोजणारें यंत्र जोडून, पृथ्वीच्या सत्तावीसपट वजनाच्या एका ग्रहाचा शोध २०१८ सालीं जाहीर केला. २०१९ सालीं एका दूरच्या ताऱ्यास बिभा चौधरी या भारतीय विदुषीच्या स्मरणार्थ बिभा, व त्याच्या ग्रहास सांतमस अशीं नांवें जगन्मान्य झालीं.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे सुटींत विजयदुर्ग पाहण्यास जातील त्यांनीं तेथें २२ जानेवारी १८९८ ही तारीख आठवावी. दोन मिनिटांच्या अंधारासाठीं एक वृद्ध पुरुष सातासमुद्रांपलीकडून तेथें आला, खलाशांस त्यानें विद्यार्थी केलें, आणि त्या दोन मिनिटांत जें दिसलें तेंच व तेवढेंच त्यानें लिहून ठेविलें. ती सवय ज्यास लागली त्यास पदवी नसली, वेळ थोडा असला, हुद्दा कारकुनाचा असला, तरी कांहीं अडत नाहीं. त्याच्यासाठीं सूर्याच्या कडेवरची एक रेघसुद्धां पुरेशी होते.